मेंढ्यांचं धरणं

मी फाउंडेशनमध्ये नोकरीला लागले तेव्हा आमच्या गल्लीत माझी इज्जत एकदम वाढली. बेटी फाउंडेशनमध्ये आहे, असं अम्मी सगळ्यांना सांगत सुटली. म्हणजे काय, असं शेजारणींनी विचारल्यावर तिनं तिच्या परीनं उलगडा केला, "नींव का काम." आठवड्याच्या आत समोरच्या घरातले चाचा त्यांच्या नव्या खोल्यांचा नकाशा घेऊन आले. सिमेंट स्वस्तात मिळेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आम्ही पाया भरत नाही, आम्ही पर्यावरणासाठी आणि सामाजिक न्यायासाठी निधी देतो, असं मी त्यांना नीट समजावलं. त्यांनी नकाशाची सुरळी केली, "मतलब नौकरी पक्की नहीं," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

चाचांचं फार चुकलं नव्हतं. आयुष्यभर कारखाने काढून म्हातारपणी झाडांची काळजी वाटू लागलेल्या एका गृहस्थांनी हे फाउंडेशन काढलं होतं. मुख्य ऑफिस बंगळुरूला आणि आमची शाखा म्हणजे एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पर्यावरणाला हॉल मिळाला होता, न्यायाला बेडरूम. हॉलमध्ये पर्यावरणाचे सर बसत. ते पुण्याचे. त्यांना प्रत्येक झाडाचं लॅटिन नाव यायचं आणि खिडकीबाहेरच्या कडुनिंबालासुद्धा ते घरच्या नावानं हाक मारत नसत. बेडरूममधली खुर्ची रिकामी होती, कारण न्यायाचा कारभार बंगळुरूच्या मॅडम स्क्रीनवरून बघत. मी दोन्हींच्या मधल्या बोळात, फ्रीजशेजारी. माझं काम भाषांतराचं. गावाकडून आलेल्या मराठीचं इंग्रजी करायचं आणि बंगळुरूहून आलेल्या इंग्रजीचं मराठी. हॉल आणि बेडरूम एकमेकांशी कधी बोलत नव्हते, त्यामुळे त्यांच्यात भाषांतर करायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

मला माझ्या मराठीचा भारी तोरा होता. घरी आम्ही दखनी बोलतो, पण शाळेपासून निबंधात पहिली मी. "तुमचं मराठी किती छान आहे हो," असं लोक म्हणतात, तेव्हा "तुमचंही बरं आहे," असं म्हणायची मला सवय आहे. हा तोरा कसा उतरला, तेच सांगायचं आहे.

त्या फेब्रुवारीत मॅडमनी ठरवलं की निधीसाठी आता कुणीही, आपल्या भाषेत, अगदी तोंडीसुद्धा अर्ज करू शकेल. म्हणून माझी रवानगी पाचोडच्या आठवडी बाजारात झाली. दोरखंड विकणाऱ्याच्या शेजारी मी टेबल मांडून, फॉर्मचा गठ्ठा घेऊन बसले. सकाळपासून दोघं आले. एकाला रेशन कार्डावर नाव चढवायचं होतं, दुसऱ्याला दोरखंड हवा होता.

दुपारी एक बाई येऊन समोर उकिडव्या बसल्या. साठीच्या असाव्यात. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. खुर्ची दिली तर तिच्यावर घोंगडी ठेवली. फाइलवरच्या आमच्या चिन्हाकडे, म्हणजे तळहातावरच्या रोपट्याकडे, त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे तुमचंच का?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी. आमच्या फाउंडेशनचं."

"मंग लई बरं झालं. आमच्या गायरानावर ह्योच बोर्ड हाय. तुमीच बांधलं, तुमीच सोडा."

प्रकार असा होता. गेल्या पावसाळ्यात हॉलमधल्या सरांच्या प्रकल्पातून त्यांच्या गावच्या गायरानावर झाडं लागली होती आणि झाडांसाठी तलावासकट सगळ्या गायरानाभोवती तारेची जाळी. मावशींच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या त्या गायरानातून पलीकडच्या पाझर तलावावर पाण्याला जायच्या. पावसाळ्यात, हिवाळ्यात पाणी कुठंही मिळालं. आता उन्हाळ्याच्या तोंडावर तो एकच तलाव उरला होता आणि जाळी मध्ये आली होती. दुसरं पाणी हायवेच्या पलीकडे. पंधरा दिवसांपूर्वी एका ट्रकनं त्यांच्या चार मेंढ्या मारल्या. मुलगा आता ऐकायला तयार नव्हता. त्याला शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत वॉचमनची नोकरी मिळत होती.

"बकरीदीपत्तोर वाट झाली नाय, तर समदी मेंढरं व्यापाऱ्याला द्यायची म्हन्तो," त्या म्हणाल्या. मग माझं नाव विचारलं आणि ते ऐकून म्हणाल्या, "तुमच्याच सणाला."

"आमच्या घरी बकरा लागतो, मावशी. मेंढ्यांना माझ्याकडून धोका नाही."

त्या हसल्या. मी फॉर्म काढला. फॉर्म बंगळुरूत तयार झाला होता आणि त्याचं मराठी मीच केलं होतं. ते पाचोडच्या बाजारात मोठ्यानं वाचताना मला पहिल्यांदा ओशाळल्यासारखं झालं.

"तुमची बदलाची संकल्पना थोडक्यात मांडा," मी वाचलं.

"बदल नगं. व्हतं तसं करा."

"जोखीम कोणती? म्हणजे भीती कशाची?"

"पयलं लांडग्याची व्हती. आता ट्रकची."

"प्रकल्प किती काळ टिकेल?"

"मेंढरं हायेत तवर."

"सध्या तुमचा समूह काय काम करतो?"

"काम काय, शेतकऱ्यांच्या शेतात मेंढरं बसवतो. दर उन्हाळ्याला. आमच्या आज्याच्या आज्यापासनं बसवतो."

हे सगळं मी लिहून घेतलं. मेंढ्या चालून चालून दमत असतील आणि वाटेत कुणाच्या शेतात बसत असतील, असं मला वाटलं. विचारलं असतं तर कळलं असतं. पण निबंधात पहिल्या येणाऱ्या बाईनं मेंढपाळ बाईला मराठीचा अर्थ विचारायचा, हे मला सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी फ्रीजशेजारी बसून मी इंग्रजी केलं आणि अर्ज पाठवून दिला.

इंग्रजीत "सिट" आणि "इन" हे शब्द सुटे असले तर कुठेतरी आत बसणं. मध्ये आडवी रेघ मारली की धरणं, आंदोलन. मी सुटे लिहिले होते, मेंढ्या शेतात बसतात अशा अर्थानं. बंगळुरूत कुणीतरी अर्ज तपासला आणि माझी चूक समजून मध्ये रेघ मारली. मग त्याला दिसलं की वाक्यात धरणं धरणाऱ्या मेंढ्या आहेत. ही तर उघडच चूक. म्हणून त्यानं अर्जभर "मेंढ्या" काढून "मेंढपाळ" केलं. झालं. मराठवाड्यातले मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या दर उन्हाळ्यात शेतात शिरून धरणं धरतात, असा अर्ज मॅडमच्या टेबलावर गेला.

मॅडमची मेल आली ती आनंदानं थरथरत. इतकी जुनी, इतकी शांततामय चळवळ, आणि तिचा कुणालाच पत्ता नाही. त्या स्वतः येणार होत्या.

हॉलमधले सर पहिल्यांदाच चालत माझ्या बोळात आले.

"हे लोक कुणाविरुद्ध बसलेत?"

"कुंपणाविरुद्ध असावेत."

"कुणाचं कुंपण?"

मी त्यांच्या हातातल्या चहाच्या मगकडे बोट दाखवलं. त्यावर तळहात आणि रोपटं होतं. आपल्याच फाउंडेशननं दिलेल्या निधीतून आपल्याच फाउंडेशनच्या कुंपणासमोर धरणं, आणि ते पेपरात, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असणार. त्यांनी चहा तसाच बेसिनमध्ये ओतला आणि मॅडम येतील त्या दिवशी कन्नड तालुक्यातल्या नर्सरीत आपलं फार महत्त्वाचं काम आहे, असं सांगितलं.

मी मात्र खूश होते. माझ्या अर्जावर बंगळुरूहून माणूस येतंय म्हणजे काय. घरी भाकरी थापणाऱ्या अम्मीला मी ऐटीत सांगितलं, ते मेंढ्यावाले असतात ना, ते शेतात बसून आंदोलन करतात.

अम्मीनं तव्यावरची भाकरी उलटली. "किसने बोला? मेंढ्यां बिठाते बोले तो खाद के वास्ते. अब्बा के खेत में भी बिठाते थे. रातभर बैठते, सुबू उठते. लेंड्यां पड़तीं, पेशाब पड़ता, क्या ज्वारी आती थी. बदले में अब्बा अनाज देते थे उनको."

मी भाजी चिरत होते, ती तशीच राहिली.

"इत्ता पढ़ी," अम्मी म्हणाली, "इत्ता नहीं मालूम?"

नव्हतं मालूम. मेंढ्या बसवणं म्हणजे काय, हे आमच्या स्वयंपाकघरात मालूम होतं आणि मी ते बंगळुरूकडून शिकत होते. रात्रभर मेंढ्या शेतात ठेवायच्या, जमिनीला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य. इतकी साधी देवघेव, तिचं मी आंदोलन करून ठेवलं होतं.

आता मी मेल करून चूक कळवायला हवी होती. चार ओळींचं काम. मी ती मेल लिहिलीसुद्धा. मग वाटलं, चूक सुधारली की मॅडमचं तिकीट रद्द. अर्ज परत "पर्यावरण" म्हणून हॉलमध्ये, म्हणजे सरांच्या खणात. आणि सरांच्या खणातून बकरीदीच्या आत काही बाहेर आल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी मेल पुसून टाकली. हे मी मावशींसाठी केलं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. अर्धं खरं होतं. बाकी अर्धं म्हणजे माझ्या मराठीची चूक माझ्याच तोंडानं कबूल करायची मला हिंमत झाली नाही.

एप्रिलमध्ये मॅडम आल्या. खादीचा कुर्ता, भली मोठी टोपी. चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. हिंदी मात्र त्यांना सिनेमापुरती यायची, म्हणून मी दुभाषी. मावशी शेताच्या कडेला काठी टेकून उभ्या होत्या, मागे मेंढ्या चरत होत्या. एकही बसलेली नव्हती. मॅडमनी मावशींचे दोन्ही हात हातात घेतले. आता इथे जे बोलणं झालं त्यातला एकही शब्द मी बदलला नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

"तुम्ही कधीपासून बसता?" मॅडमनी विचारलं.

"लई पिढ्या झाल्या."

"शेतकरी विरोध करत नाहीत?"

"विरोध? सोता बोलवाया येतो शेतकरी. वर जवारी देतो."

मॅडमचे डोळे पाणावले. शेतकऱ्यांचा पाठिंबा, असं त्यांनी वहीत लिहिलं.

"पोलिसांनी कधी उठवलं?"

"पोलीस कामून उठवतील? सकाळ झाली की आपलं आपण उठतंय."

"आणि हे कधीपर्यंत चालणार?"

"पाऊस पडला की बंद. पेरणी असती."

"तुमची मागणी काय?"

"वाट द्या," मावशी म्हणाल्या. "दुसरं कायबी नगं. तळ्याला जायाला वाट द्या."

हेही मी जसंच्या तसं सांगितलं. मॅडमनी गाडीत बसण्याआधी बंगळुरूला फोन लावला. कुंपणात फाटक झालंच पाहिजे, बकरीदीच्या आत, कारण अर्जात ती मुदत होती आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे तो मेंढपाळ समाजासाठी महत्त्वाचा दिवस होता. हेही मी दुरुस्त केलं नाही. गाडी हायवेला लागेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते. एका रेघेवर मी वाट काढून दिली होती.

फाटकाचं काम सरांकडे गेलं. मुकुंदवाडीच्या एका वेल्डरनं ते बनवलं. बकरीदीच्या आठ दिवस आधी उद्घाटन ठरलं. मॅडम पुन्हा आल्या, सर या वेळी आले, हिरवी रिबन आली. वेल्डर जनरेटर घेऊन शेवटचं एक टोक जोडत होता. मावशी सगळा कळप घेऊन आल्या होत्या. मुलगा मागे, मोबाइलवर कुणाशी तरी बोलत. व्यापारी दोन दिवसांत येणार होता.

मग मी फाटक पाहिलं.

बागेच्या दारात असतं तसलं ते फिरतं फाटक होतं. मधे खांब, त्याला खालपासून वरपर्यंत आडवे दांडे. माणसानं ढकलायचं, एकेकानं आत जायचं. सरांनी ते अभिमानानं समजावलं. धरणं धरणारी माणसं ये-जा करू शकतील आणि जनावर एकही आत शिरणार नाही, झाडं सुरक्षित. पर्यावरण आणि न्याय, दोन्ही साधलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या कागदावर मेंढ्या नव्हत्याच. मेंढपाळ होते, त्यांना वाट मिळाली.

रिबन मावशींच्या हस्ते कापली. त्यांनी फाटक ढकललं, ते गर्रकन फिरलं आणि त्या आत गेल्या. वळून पाहिलं. पहिली मेंढी दांड्याला नाक लावून उभी होती, तिच्यामागे बाकीच्या. मावशींनी हाक दिली. मेंढ्या ओरडल्या. मागच्यांनी पुढच्यांना रेटलं, फाटक जरा फिरलं आणि अडलं.

"बाई," जाळीच्या आतून त्या मला म्हणाल्या, "मला कशाला सोडलं? मला तहान नाय."

मुलानं फोन खिशात टाकला. "चल आये," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मेंढ्या विकायचं त्याचं आता नक्की झालं होतं.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी फाटकातून आत गेले आणि जाळीला पाठ लावून मावशींना सगळं सांगितलं. बसवणं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, हे आधी. मग ते इंग्रजीत कसं गेलं, रेघ कशी पडली, मेंढ्यांच्या जागी माणसं कशी आली, आणि हे कळूनही मी गप्प कशी राहिले.

"त्यांना वाटलं, तुम्ही धरणं धरलंय."

"धरण तर पैठणला हाय."

"ते नाही, मावशी. मागणी पुरी होईपर्यंत लोक वाटेत बसून राहतात ना. उठत नाहीत. तसं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिव्यांची वाट बघत होते, मला त्या हव्याही होत्या. पण त्या दुसऱ्याच हिशेबात होत्या.

"आन उठलं नाय की देतेत?"

"कधी कधी."

"मंग आधी सांगायचं की," त्या म्हणाल्या. "बसवायचं तर आमचं कामच हाय."

त्या फाटक ढकलून बाहेर आल्या. मुलाला काहीतरी बोलल्या, तो आधी नको म्हणाला, मग डोकं खाजवत कळपाच्या मागल्या बाजूला गेला. दोघांनी मेंढ्या फाटकासमोरच्या बाभळीखाली, म्हणजे गायरानात यायच्या-जायच्या एकुलत्या एका रस्त्यावर, दाटीनं गोळा केल्या. रस्त्यावरच मॅडमची गाडी उभी होती, तिच्या पुढेही आणि मागेही मेंढ्या आल्या. मावशी घशातून एक बारीक, लांब आवाज काढत कळपाभोवती फिरल्या. ऊन टळटळीत होतं. आधी एक म्हातारी मेंढी पुढचे पाय दुमडून खाली बसली. मग तिच्या शेजारची. मग बघता बघता सगळा कळप खाली. रवंथ सुरू झाला. मावशी मधोमध घोंगडी टाकून बसल्या.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. एका मेंढीनं कान हलवला.

"हे काय चाललंय?" मॅडमनी मला विचारलं.

मी इंग्रजीतून तोच शब्द सांगितला, आडव्या रेघेसकट. "पण या तर मेंढ्या आहेत," त्या म्हणाल्या. होय, मी म्हणाले, पहिल्यापासून मेंढ्याच आहेत, आणि मग त्या उन्हात उभी राहून मी दुसऱ्यांदा सगळी कबुली दिली. या वेळी इंग्रजीत. इंग्रजीत जरा जास्तच लांबली. मॅडमनी ऐकून घेतलं. टोपी काढली, चेहरा पुसला, मेंढ्यांकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. सर झाडांबद्दल काहीतरी सांगायला लागले. मॅडमनी त्यांना विचारलं, मेंढ्यांना पाण्याला जायला दोन्ही बाजूंनी जाळी लावून मधून गल्ली काढली तर झाडं वाचतील ना? वाचतील, सर म्हणाले, पण त्याचा वेगळा प्रस्ताव लागेल. मॅडमनी गाडीभोवती बसलेल्या मेंढ्यांकडे बोट दाखवलं. मग सर स्वतःच वेल्डरकडे गेले.

वेल्डर मघापासून हे सगळं बाभळीला टेकून बघत होता. "मैं तबीच बोला था," तो मला म्हणाला, "बकरी के रस्ते को ये कायको लगाते. मेरे को बोले, डिझाइन है." त्यानं जनरेटर चालू केला आणि सकाळी जोडलेला खांब कापायला घेतला. ठिणग्या उडाल्या तरी एकही मेंढी उठली नाही. खांब बाजूला पडला, तेव्हा मावशींनी तोच आवाज या वेळी खालून वर नेला आणि कळप उठून, अंग झाडून, गाडीला वळसा घालून आत गेला. पाण्याचा वास लागल्यावर मेंढ्या धावायला लागल्या. मुलगाही त्यांच्यामागे धावला. दोन दिवसांनी येणाऱ्या व्यापाऱ्याला त्यानं तळ्याच्या काठावरूनच फोन करून नको म्हणून सांगितलं.

मला मेमो मिळाला. तो इंग्रजीत होता, पण त्याचं भाषांतर मला कुणी मागितलं नाही. बकरीदीच्या दिवशी अम्मीनं शीरखुर्म्याचा हट्ट करणाऱ्या चाचांना "वो मीठी ईद को, रमजान की" म्हणून परत पाठवलं आणि मला म्हणाली, तुझ्या त्या मेंढ्यावाल्या मावशीला फोन लाव. लावला. दोघी अर्धा तास माझ्या आजोबांच्या शेतातल्या ज्वारीबद्दल बोलल्या, एक दखनीत, एक मराठीत. मध्ये भाषांतराला कुणी नव्हतं.

मग वार्षिक अहवाल आला. गायरानाबद्दल एक परिच्छेद मी लिहायचा होता. मी लिहिलं की उद्घाटनाच्या दिवशी मेंढ्या वाटेत बसल्या आणि वाट मिळेपर्यंत उठल्या नाहीत. बंगळुरूहून तपासून कागद परत आला. "मेंढ्या" या शब्दाखाली लाल रेघ होती आणि समासात प्रश्न होता, इथे तुम्हाला मेंढपाळ म्हणायचं आहे का?

मी खाली लिहिलं, नाही. मेंढ्या.